चंपाची ओटी

येसूनं अंगणातून हाक मारली तेव्हा चंपा भाकरी थापत होती. डोंगरवाडीची येसू लावणीपासून शेतावर कामाला होती. बोलायची कमी, आणि बोलली तर हळू. आज ती ओरडली. चंपा पिठाच्या हातांनी तशीच बाहेर धावली. येसूच्या इरल्याखाली, ओल्या पदरात गुंडाळलेलं, धाकट्या जावेचं पोर होतं. ओठ निळे पडलेले. रडायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"खाचराच्या बांधावर हुतं," येसू म्हणाली. "पाठीखालनं पानी वाहत हुतं, वैनी. म्हनलं, शेळीचं करडू पडलं का काय."

"आन् नंदा?"

"पल्याड बसलिया. हाक मारली तर बघती बी न्हाई."

चंपानं पोर घेतलं, चुलीपुढं बसली, त्याचं ओलं फडकं सोडलं आणि उघडं पोर आपल्या चोळीच्या आत पोटाशी धरलं. तव्यावरची भाकरी करपली. वास घरभर झाला तरी ती हलली नाही. बऱ्याच वेळानं पोरानं आचका दिला आणि बारीक आवाजात रडायला सुरुवात केली. तेव्हा कुठं चंपाला आपल्या मागं सासू उभी असल्याचं कळलं.

अंबूबाई ना रागावली, ना रडली. तिनं करपलेली भाकरी तव्यावरून काढली. मग म्हणाली, "गोविंदाला सांगावा धाडा. वलवणलाबी धाडा, नंदाच्या भावाला. उद्या काय ते हून जाऊ द्या."

ते सत्तावन साल. ज्येष्ठात साथ आली ती रेल्वेनं आली. लोणावळ्याच्या स्टेशनात आधी हमाल आडवे पडले, मग इंजिनांच्या शेडमधली माणसं, मग बाजार, मग आसपासची गावं. शिकलेली माणसं तिला फ्लू म्हणत. कुसगावातल्या म्हाताऱ्यांनी मात्र अठरा सालच्या साथीचा 'मानमोडी' हा जुना शब्द काढला आणि लगेच तोंडावर हात ठेवला. ज्यानं त्यानं दारं ओढून घेतली. कुणी कुणाच्या ओट्यावर चढेना.

नंदाचं पहिलंच बाळंतपण. नवव्या महिन्यात तिला माहेरी वलवणला न्यायचं ठरलं होतं. पण वलवणला घरागणिक ताप होता, तेव्हा तिथून सांगावा आला की पोरीला आत्ता पाठवू नका, तिची आई कस्तुराबाई बाळंतपणाला स्वतः तिकडं येईल. नंदा त्या सांगाव्यावर दिवस काढत होती. नवरा गोविंदा इंजिनांच्या शेडमध्ये खलाशी. तो घरी साथ आणेल म्हणून तिकडंच राहू लागला होता.

कस्तुराबाई आली नाही. आला तिचा मुलगा अंबाजी, तोही कुंपणाबाहेर. चंपाचे सासरे भिमाजी तापानं पडलेले. त्यांनी ओसरीवरूनच हात करून सांगितलं, पाव्हणं, आत नगा येऊ. पाऊस कोसळत होता. अंबाजीनं बाहेरूनच ओरडून सांगितलं, "आय गेली!" पावसात कुणाला ते ऐकू आलं नाही. म्हणून त्याला पुन्हा ओरडावं लागलं. दुसऱ्यांदा ते सगळ्यांनी ऐकलं. नंदा तेव्हा दारात उभी होती, पोटावर हात ठेवून. अंबाजी थोडा वेळ भिजत उभा राहिला आणि गेला. बहिणीच्या गळ्यात पडून रडायला त्याला कुणी आत घेतलं नाही, आणि तिला बाहेर सोडलं नाही.

त्यानंतर काही दिवसांतच नंदाचे दिवस भरले. अंबूबाई तापात बरळत होती. सुईण वाडीवर पडून होती. चंपानं, जिला लग्नाला आठ वर्षं होऊनही मूल नव्हतं, ते बाळंतपण एकटीनं केलं. पोर तिच्या हातांत आलं, नाळ तिनंच कापली, आणि पोर रडलं तेव्हा तीही रडली. नंदा रडली नाही. तिनं विचारलंही नाही, काय झालं म्हणून. भिंतीकडं तोंड करून ती पडून राहिली. पाचवीला शेजारची एकही बाई उंबरा ओलांडून आली नाही. बारसं लांबलं. माहेरी करणारं बाईमाणूस नव्हतं, म्हणून बाळंतविडाही आला नाही. चंपा पोराला घेऊन नंदाच्या छातीला लावायची, प्यायलं की उचलायची. नंदा तेवढा वेळ आढ्याकडं बघत राहायची.

आणि मग श्रावणातला तो बांध.

दुपारी चंपानं खाचरावरून तिला आणलं. ओलं लुगडं सोडवून कोरडं नेसवलं, शेगडी जवळ सरकवली, केस पुसले. नंदा लहान मुलासारखी मान देऊन बसली होती.

"नंदे, का ठिवलंस गं त्याला तितं?"

नंदानं हात शेगडीवर धरले. मग नंदा म्हणाली, "आक्का, माझ्याजवळ नगं त्ये."

"आईजवळ पोर नगं?"

"माझ्या मनात वंगाळ येतं. त्याच्या मानंकडं बघते आन् येतं. म्हून लांब ठिवलं." तिनं आपले हात शेगडीपासून मागं घेतले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. "येसू येनार हुती त्या वाटंनं. मला ठावं हुतं."

चंपा केस पुसत राहिली. थोड्या वेळानं नंदानं अगदी साध्या आवाजात, बाजारभाव विचारावा तसं विचारलं, "आक्का, वलवणचं धरण भरलं असंल की आता?"

"का गं?"

"असंच. उद्या दादासंगं धाडनार हायत ना मला? आत्याबाई म्हनत हुत्या."

चंपाचा हात थांबला. 'का गं' हे पुन्हा विचारायची तिची छाती झाली नाही.

दिवस कलताना ती शेळी पिळत होती. तिचा नवरा दत्तोबा गोठ्याच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याच्या हातात लाल झबलं होतं. लोणावळ्याच्या बाजारातून आणलेलं, अजून घडीचं. एवढा मोठा गडी, नांगर एका हातानं उचलणारा, पण ते झबलं त्यानं फुलासारखं धरलं होतं.

"आईनं सांगितलं मला," तो म्हणाला. "पोर आपल्या ओटीत घालनार. पाच मानसांदेखत. मग तुला कोन वांझ म्हनतंय बघू."

चंपानं मान वर केली नाही.

"आन् आईची ती दुसऱ्या लग्नाची कटकट बी मिटंल," तो हळू आवाजात म्हणाला. "मला नगं हाय ते लगीन, तुला ठावं हाय. उद्या तू फकस्त गप ऱ्हा. काय बोलायचंच न्हाई तुला."

दुधाच्या धारा भांड्यात पडत राहिल्या. चंपाला वाटलं, खरंच की, काय बोलायचंय? आठ वर्षं देवाला मागितलं. देवानं दिलं, तेही तिच्याच हातांत दिलं. ते पोर तिच्या वासानं गप्प होतं. तिच्या आवाजाकडं मान वळवतं. तिनं कुणाचं काही ओरबाडलेलं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची भाकरी झाल्यावर सगळे ओसरीवर जमले. भिमाजी बाजेवर, साथीतला खोकला त्यांच्या छातीत घर करून बसला होता. अंबाजी कडेला, डोक्यावरचं ओलं पटकूर मांडीवर घेऊन. गोविंदा खांबाला टेकून उभा. शेडमधल्या तेलाचे डाग त्याच्या खाकी शर्टावर तसेच होते. तो आल्यापासून आत बायकोकडं गेला नव्हता. चंपा दारात बसली होती, पोर खांद्यावर निजलेलं. आतल्या खोलीत नंदा होती. दारातून तिची फक्त पावलं दिसत होती.

अंबूबाईनं सुरुवात केली. "काल पोर मेलं असतं. येसू त्या वाटंनं आली म्हून वाचलं. मला कुनाला दोष द्यायचा न्हाई. पन पोर हितं ऱ्हाईल, थोरलीच्या ओटीत. नंदा भावासंगं जाईल. बरी झाली तर मग बघू."

"आत्या, आमच्यात बाईमानूस न्हाई हो," अंबाजी म्हणाला. "आय गेली. माझी बायकू तापातनं उठली, पन आजून भिंत धरून चालती. मी दिसभर कामाला. हिच्याजवळ बसनार कोन?"

"मग आमी तिला राखत बसावं? हितं भात कोन बघनार?"

"गोविंदराव, तुमी बोला," अंबाजी म्हणाला. "तुमची बायकू हाय."

गोविंदानं नखानं खांबाचा चुना खरवडला. "डाक्टर म्हनला अशक्तपना हाय. टॉनिक दिलंय. हवापालट करा म्हनला."

"ममईची मानसं हवापालटाला हितं येत्यात," भिमाजी खोकत म्हणाले. "हितल्यांनी कुटं जायचं?"

"भगत म्हनला आसरांनी धरलंय तिला, पान्यातल्या," अंबूबाई म्हणाली. "आसरा असू दे न्हाई तर अशक्तपना. पोर राखायला पायजे. गोविंदा, तुझं काय म्हननं?"

"तू म्हनशील तसं, आये."

अंबाजीनं मान खाली घातली. झालं, ठरलं. अंबूबाई उठली. तिनं सगळी तयारी आधीच केली होती: सुपात तांदूळ, नारळ, हिरवा खण, हळदकुंकवाची कुयरी. ते सूप तिनं चंपापुढं ठेवलं. सासूच्या चेहऱ्यावर चंपानं आठ वर्षांत पाहिली नव्हती अशी माया होती.

"ये थोरले. पदर पसर."

दत्तोबा भिंतीशी उभा होता. त्यानं मान वळवली. डोळे भरलेले कुणाला दिसू नयेत म्हणून.

चंपानं पोर खांद्यावरून मांडीवर घेतलं. त्याच्या तोंडाला दुधाचा वास होता. लाल झबलं त्याला थोडं मोठं झालं होतं. तिचा हात पदराकडं गेलासुद्धा. त्याच वेळी आतल्या खोलीतली पावलं हलली. नंदा उठली होती. तिनं बोचकं बांधून ठेवलं होतं, आणि ती भिंतीपाशी उभी राहून वाट बघत होती. कुणी जा म्हणायची.

"आत्याबाई," चंपा म्हणाली, "ती जगायची न्हाई."

"काय?"

"वलवणला धाडली तर ती जगायची न्हाई. काल मला इचारत हुती, धरन भरलं असंल का म्हून."

अंबाजीनं पटकूर तोंडाला लावलं आणि त्याचे खांदे हलू लागले. आईसाठीचंही रडणं त्यानं बहुधा तोवर ठेवून दिलं होतं.

अंबूबाई सावरली. "मग हितं इहीर न्हाई व्हय?"

"हाय. पन हितं मी हाय."

"आन् पोराला पुन्यांदा टाकलं तर?"

"तिनं टाकलं न्हाई. आपल्या हातनं काय हू नये म्हून लांब ठिवलं. त्या वाटंनं येसू येती हे तिला ठावं हुतं. टाकनारीनं एवढं बघितलं असतं?" चंपानं पोर मांडीवर सावरलं. "पोर तिचं हाय, आत्याबाई. मी दोघांना बघीन. पन ओटी नगं."

"चंपे!" दत्तोबा ओरडला. पोर दचकून रडायला लागलं.

अंबूबाईचा चेहरा पुन्हा दगडासारखा झाला. "समद्यांची आय मरती. मानमोडीत ह्याच घरात चार मढी पडली हुती. माझ्या पदराखाली पोर हुतं. मी चूल पेटवली, म्हशी पिळल्या, भात कापलं. माझं तोंड कुनी पाह्यलं हुतं? मी बसले का भिंतीकडं बघत?"

"न्हाई बसलीस," भिमाजी बाजेवरून म्हणाले. ते बायकोच्या विरुद्ध कधी बोलत नसत, म्हणून सगळ्यांनी तिकडं पाहिलं. खोकल्याची उबळ जाईस्तोवर ते थांबले. "पन त्या आधी तू गानी म्हनायचीस, अंबू. जात्यावर. मला याद हाय. त्यानंतर मी तुझं गानं ऐकलं न्हाई. तवा कुनी बसलं असतं तुझ्यापाशी तर…" त्यांनी हात हवेत हलवला आणि वाक्य तिथंच सोडलं. "थोरली म्हनती तसं हू द्या. सून हितं ऱ्हाईल."

अंबूबाईनं सूप उचललं. नारळ घरंगळत खाली पडला, तो कुणी उचलला नाही. आत जाताना ती चंपापाशी थांबली. "दत्तूला जाब तू द्यायचा. आन् माघारी मला म्हनू नगंस, सवत आनली म्हून."

दत्तोबानं कोपऱ्यातलं खोरं घेतलं आणि पावसात शेताकडं निघून गेला.

चंपा गोविंदाकडं वळली. "भावजी, तुमी रोज घरी यायचं."

"मी साथ घिऊन येईन म्हून तितं ऱ्हात हुतो, वैनी."

"साथ गेली. समद्यांची गेली. तुमीच तेवढी धरून बसलाय."

तो पायताण काढून आत गेला. बऱ्याच वेळानं चंपानं डोकावलं तेव्हा तो भुईवर बसला होता आणि बोचक्याची गाठ सोडत होता. गाठ ओली होती, सुटत नव्हती.

पुढचे दिवस सोपे गेले असं कुणी म्हणू नये. दत्तोबा चंपाशी बोलेना. ताट वाढलं तर जेवायचा, पाणी दिलं तर प्यायचा, पण तिच्याशी शब्द नाही. अंबूबाईनं आपल्या माहेरी, वाकसईला, मुलगी बघायला माणूस धाडला. चंपाला ते पाण्यावर कळलं. त्या दिवशी तिनं हंडा भरला, घरी आणला, उतरवला, आणि नंदाला ऊन पाण्यानं न्हायला घातलं.

नंदाला ती एकटी सोडत नसे. शेळी पिळायला जाताना तिला सोबत नेई. पोर मात्र आपल्याकडंच ठेवी; नंदाच्या मांडीवर ती ते पाजायला देई आणि समोर बसून राही, हातभर अंतरावर. "माझं ध्यान हाय. तू भिऊ नगंस," एवढंच म्हणे. कधी नंदा म्हणे, "ने आक्का, लवकर ने," आणि चंपा उचलून घेई. कधी दोन दोन दिवस नंदा जेवत नसे. एकदा विहिरीच्या वाटेवर सापडली. तिला परत आणताना चंपाला वाटलं, आपण चुकलो, ही आपल्याच्यानं होणारी गोष्ट नव्हे, ही जाईल आणि पोर आणि घर दोन्ही घालवून जाईल.

मग तिनं आणखी एक केलं. ती शेजारच्या दारांत गेली. साथीपासून एकमेकींच्या घरी जायची सवयच मोडली होती. "काय बोलू नगा, काय इचारू नगा," ती म्हणाली. "नुसत्या येऊन बसा. आपापलं काम घिऊन या." आधी कुणी आलं नाही. मग येसू आली, कामाचा दिवस नसताना, आपल्या पोरीला काखेत घेऊन. मग शेजारची म्हातारी कडधान्य निवडायला आली. हळूहळू दुपारी दोघी-तिघी ओसरीवर दिसू लागल्या. पाचवीला न आलेल्या बायका भाद्रपदात आल्या. त्यातली एक वलवणची लेक होती, साथीत माहेरीच अडकलेली. तिनं कस्तुराबाईचा विषय काढला, कुणी खुणावायच्या आत. "जाताना तुझंच नाव घेत हुती गं. वाट कशी हाय कुसगावची, चिखल हाय का, इचारत हुती." नंदानं त्या बाईकडं पाहिलं आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की गोठ्यातली गुरं बिचकली. ती पुष्कळ वेळ रडली. चंपानं तिला धरलं. दुसऱ्या बाजूनं एक सुरकुतलेला हात आला आणि नंदाच्या डोक्यावर तेल घालू लागला. अंबूबाई होती. ती कुणाकडं बघत नव्हती. तेल जिरेस्तोवर चोळत राहिली आणि उठून गेली.

बारसं पितृपंधरवड्यानंतर झालं. पोराचं नाव रतन ठेवलं.

मार्गशीर्षात भात झोडायला घेतलं. खळ्यावर सगळं घर होतं. पेंढ्याची उडवी माणसाच्या दीडपट उंच झाली होती. रतन सावलीला गोधडीवर, पाच महिन्यांचा, पालथा पडून मान उचलणारा. तो रडला तेव्हा चंपानं सवयीनं हातातली पेंढी टाकली. पण तिच्या आधी नंदा उठली होती. कुणी सांगितलं नव्हतं. तिनं पोराला उचललं, तसं जरा अवघडूनच, आणि छातीशी धरलं.

"रतन," ती म्हणाली. ते नाव तिच्या तोंडून चंपानं पहिल्यांदाच ऐकलं. "काय झालं रे? मी हाय ना."

रतन गप्प झाला नाही. तो अधिकच रडू लागला. त्याची मान सारखी वळत होती, आईच्या खांद्यावरून पलीकडं. चंपा दिसली तशी त्यानं टाहोच फोडला. नंदाचा चेहरा उतरला. तिचे हात सैल पडू लागले. ती आता म्हणणार होती, ने आक्का. चंपाला ते तिच्या ओठांवर आलेलं दिसलं.

चंपा वळली आणि उडवीच्या मागं गेली. तिथं तिनं पेंढ्याला पाठ लावली, पदराचा बोळा तोंडात धरला आणि उभी राहिली. पोर रडत होतं. तिचं नाव त्याला येत नव्हतं, पण तो तिलाच बोलावत होता, हे तिच्या अंगातल्या प्रत्येक शिरेला कळत होतं. पलीकडून नंदाचा आवाज येत होता, घाबरलेला, पण थांबत नव्हता.

दत्तोबा पेंढ्यांचा भारा घेऊन त्या बाजूला आला आणि तिला पाहून थबकला. श्रावणापासून त्यानं तिच्याकडं असं सरळ पाहिलं नव्हतं.

"रडतंय त्ये," तो म्हणाला. "जात का न्हाईस?"

तिनं मान हलवली.

तो तसाच उभा राहिला. पलीकडचं रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं. मग हुंदके लांब लांब येऊ लागले. मग नुसतीच झोडणीची धपधप ऐकू येऊ लागली.

"निजलं," दत्तोबा म्हणाला. डोक्यावरचा भारा त्यानं खाली टाकला, आणि तिच्या शेजारी, पेंढ्याला पाठ लावून बसला.

चंपानं तोंडातला पदर काढला. तो ओला झाला होता. तिनं तो झटकला, कमरेला खोचला, आणि पुन्हा खळ्यावर गेली.